दोन्ही भावांना सरपंचपद हवंय, दोघांच्या बायका समोरासमोर, माहेरवाशिणीने काय करावं?

किनाऱ्यावरची:
नमस्कार. वाचते रोज, लिहितेय आज पहिल्यांदा, कारण हे घरातल्या कोणाशी बोलायची सोयच राहिली नाहीये. माझं माहेर राजापूर तालुक्यात, अगदी समुद्राला लागून, सासर चिपळूण. माहेरी दोन भाऊ, एकच घर, एकच सातबारा (आबा गेल्यावर आई आणि आम्ही तिघं अशी चार नावं लागलीयत), कलमंही समाईक. थोरला दादा मागच्या वेळी थेट जनतेतून सरपंच झाला. त्याने कामं केली, वाडीची पाखाडी (दगडी पायवाट) झाली, स्मशानशेड झाली, विहिरीवर पंप बसला, कोणी विरोधकही हे नाकारणार नाही. यंदा सोडतीत सरपंचपद सर्वसाधारण महिलेसाठी निघालं आणि दादाने त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं की थोरली वहिनी उभी राहणार. धाकटा, जो इतकी वर्षं दादाच्या मागे बॅनर लावत आणि मुंबईच्या पोरांना फोन करत फिरला, तो म्हणाला आता माझी पाळी, माझी बायको उभी राहील. समोरचं पॅनल टपूनच होतं, त्यांनी त्याला लगेच जवळ केलं.

आता पुढच्या पडवीत दादाची बैठक, मागच्या पडवीत धाकट्याची, आणि मधे माजघरात दोघी वहिन्या एकाच चुलीवर दोन्हीकडच्या माणसांचा चहा करतायत. मी गेले होते तेव्हा बघितलं. थोरलीने आधण ठेवलं, धाकटीने कप मांडले, पुढे किती मागे किती विचारून, साखर संपत आलीय, उद्या राजापूरला जायचंय का, पोरांचे पेपर कधी, सगळं नेहमीसारखं बोलत होत्या, फक्त निवडणुकीचं नाव काढत नव्हत्या. आई म्हणते माझ्या हयातीत घराचे दोन भाग करू नका.

माझं मत गावात नाहीच, लग्नानंतर नाव चिपळूणला लागलं. तरी फोन दोघांचे. दादा म्हणतो आबा गेल्यावर तुझं लग्न कोणी केलं ते विसरू नको. खरंय, त्याने केलं, कर्ज काढून केलं. धाकटा म्हणतो ताई तूच मला वाढवलंस, आता तूच माझ्या बाजूने नाहीस तर मी कुणाकडे बघू. दोघांनाही मुंबईतले आमचे चुलत भाऊ आपल्याकडे वळवून हवेत कारण त्यांची घरटी मतं आहेत आणि ते माझं ऐकतात. वर दादाच्या एका माणसाने आईच्या कानावर घातलंय की बहिणीने आत्ताच हक्कसोड करून दिलं तर घर एकत्र राहील.

मी कुणाच्या बाजूने उभं राहू? एकाला मागे घ्यायला सांगायचं तर कुठल्या तोंडाने सांगू?

चाकरमानी_डोंबिवली:
ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. थोरल्याचा मान पहिला. ज्याने वडलांच्या माघारी घर चालवलं, बहिणीचं लग्न केलं, त्याच्या घरात पद राहिलं तर बिघडलं कुठे? धाकट्याला पुढच्या वेळी मिळेल, पंचायत समिती आहे, उपसरपंचपद आहे. आमच्या मुंबई मंडळात असले प्रकार दर निवडणुकीला बघतो, दोन भाऊ फुटले की तिसराच येतो आणि मग शिमग्याला पालखी दारात यायच्या वेळी आधी कोणाची ओटी यावरून हमरीतुमरी. घर एक ठेवायचं तर कोणीतरी थांबायला हवं, आणि लहान आहे त्याने थांबावं. तुम्ही धाकट्याला समजवा, तो तुमचं ऐकेल.

खाडीपलीकडचा:
थांबायला हवं हे बरोबर पण लहान म्हणून त्याने थांबावं हे कुठलं गणित? किती वर्षं बॅनर लावायचे त्याने?

आणि दुसरी बाजू पण बघा. आमच्याकडे कित्येक घरांत मुद्दाम एक भाऊ ह्या पॅनलात एक त्या पॅनलात असतो, कोणीही आलं तरी दाखला अडत नाही. मोठ्या घराण्यांत तर उघड आहे. २०२४ च्या विधानसभेला राणेंच्या घरात नितेश कणकवलीतून भाजपकडून आणि निलेश कुडाळमधून शिवसेनेकडून, दोघेही निवडून आले, वडील त्याच वर्षी लोकसभेला भाजपकडून निवडून आलेले. सामंत बंधू, एक रत्नागिरी एक राजापूर. एका घरात दोन जागा असल्या की भांडण कशाला होतंय. पण जागा एकच असेल तर मोठ्या घरातही तडा जातो. श्रीवर्धनला २०१४ मध्ये तटकरेंच्या पुतण्याने, अवधूत यांनी, राष्ट्रवादीकडून जेमतेम ७७ मतांनी जागा काढली, २०१९ ला ते शिवसेनेत गेले आणि तिथे राष्ट्रवादीकडून मुलगी अदिती उभ्या राहून आमदार झाल्या. बारामतीला २०२४ मध्ये नणंद भावजय समोरासमोर आल्या ते तर सगळ्या देशाने बघितलं, आणि बहिणीसमोर बायकोला उभं करायला नको होतं असं नंतर खुद्द अजित पवारांनी बोलून दाखवलं. तुमच्याकडे सरपंचपद एकच आणि चूलही एकच, म्हणून तुमचं दुखणं त्यांच्यापेक्षा मोठं आहे. त्यांचे बंगले वेगळे असतात.

मालवणी_माणूस:
बाय गो, आमच्या घरात ह्याच झाला. दोन भाव, दोन पॅनल. मतदान झाला, निकाल लागलो, एक पडलो एक इलो, आणि गणपतीक घरात कोण कोणाशी बोलाक तयार नाय. आवशीन दोगांका एकाच पाटार बसवन आरती करूक लावली तेवा कुटे. तू कोणाच्याच बाजून उबी रवा नको. तुझा म्हायार दोगांकडे असा.

निवृत्त_ग्रामसेवक:
नोकरीची सगळी वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींत काढली, म्हणून थोडं लांब लिहितो, वाचाल तर बरं.

वरती इतक्या जणांनी लिहिलं, दादा, धाकटा, चुलत भाऊ, मुंबई मंडळ. जिचं नाव अर्जावर येणार आहे ती कुठेच नाही. दोघींपैकी कोणाला उभं राहायचंय हे मूळ पोस्टमध्येही नाही. ताई, तुम्ही विचारलंत का त्यांना?

हे आरक्षण भावाभावांतली पाळी लावण्यासाठी आलेलं नाही. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली तेव्हा बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. कागद चांगलाच आहे, पण मी काय बघितलं ते सांगतो. ग्रामसभेत बाई खुर्चीत बसलेल्या, बोलणारा नवरा. वित्त आयोगाचे पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात येतात, ते खर्चायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते, ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते. तर सरपंचबाईंचा डोंगल आणि त्याचा पासवर्ड नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात. एका ठिकाणी मी नवऱ्याला म्हटलं बाईंना बोलवा, सही त्यांची आहे, तर म्हणाला ती भाकऱ्या करतेय, काय ते मला सांगा. पुढे त्या कामाची चौकशी लागली. नोटीस बाईंच्या नावाने आली, कलम ३९ खाली सरपंचपदावरून काढण्याची. जबाब द्यायला बाई उभ्या राहिल्या, आणि कुठलं बिल कुठलं काम त्यांना माहीतच नव्हतं, कारण त्यांनी कधी ते बघितलेलंच नव्हतं. त्या बाई माझ्यासमोर रडल्या आणि मला काही करता आलं नाही.

दुसरं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा २०१७ ला आला, २०२० ला रद्द झाला, २०२२ ला परत आला. याचा अर्थ असा की सरपंच एका पॅनलचा आणि सदस्य जास्त दुसऱ्या पॅनलचे असं सर्रास होतं. मग मासिक सभेत एक ठराव पास होत नाही. उद्या तुमच्या घरातली एक जाऊ सरपंच झाली आणि दुसऱ्या भावाच्या पॅनलचे सदस्य जास्त आले तर पाच वर्षं गावाचं पाणी, दिवाबत्ती सगळं तुमच्या माजघरात अडकणार. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे पक्षाने सांगितलं म्हणून हा बहाणासुद्धा कोणाला नाही, जे काय करतायत ते भाऊच करतायत.

आणि चाकरमानी साहेब, लग्न करून दिलं ह्याची परतफेड मतांनी करायची असते हे मी तरी ऐकलेलं नाही.

चाकरमानी_डोंबिवली:
साहेब, तुमच्या अनुभवाला नमस्कार पण मी परतफेड म्हटलं नव्हतं, मान म्हटलं होतं. गावात माणूस एकटा निवडून येत नाही, भावकी मागे असते म्हणून येतो. दादा निवडून आला तो धाकट्याच्या जोरावर हे मान्य, तसाच धाकटा उभा राहायचं धाडस करतोय ते दादाच्या नावावर. भावकीच मोडली तर त्या बायकांच्या मागे कोण उभं राहणार? मी मुंबईहून गाडी करून येतो, दोन दिवसांची रजा टाकतो, ती घराण्याच्या मायेपोटीच ना?

देवगडी_कलम:
माया असू दे की. आमच्या आजोबांची नाथ पैंवर माया होती, राजापूर मतदारसंघातून ते १९५७ पासून तीनदा खासदार झाले. १९७१ च्या जानेवारीत ते गेले आणि दोन महिन्यांत निवडणूक लागली, तेव्हा लोकांनी मधु दंडवतेंना निवडून दिलं, ना नात्याचे ना भावकीचे, आणि तेव्हापासून सलग पाच वेळा तेच. ह्याच लाल मातीतल्या लोकांनी केलंय हे. तेव्हा भावकीशिवाय कोकणात मत पडत नाही असं म्हणू नका, आमच्याच माणसांचा अपमान आहे तो.

चाकरमानी_डोंबिवली:
खासदारकीची गोष्ट वेगळी, ग्रामपंचायतीला प्रत्येक मत घराच्या उंबऱ्यावरून मोजतात. पण नाथ पैंचं नाव घेतलंत, पुढे वाद घालत नाही.

किनाऱ्यावरची:
सगळ्यांचे आभार. ग्रामसेवक काका, तुमचा प्रश्न वाचून मी फोन बाजूला ठेवून बसून राहिले. मग शनिवारी गाडी पकडून माहेरी गेले, कोणाला न सांगता.

दोघी मागच्या अंगणात कोकमं फोडत होत्या. मी सरळ विचारलं. थोरली आधी हसली, मग म्हणाली मला विचारलंच कुठे, ह्यांनी बैठकीत नाव जाहीर केलं ते मला शेजारणीकडून कळलं. तिला नकोय. तिची कंबर दुखते, तिला सभेत उभं राहून बोलायची भीती वाटते आणि ती भीती ती लपवत नाही. म्हणाली नाही म्हटलं तर ह्यांना वाटेल मी घरात राहून धाकट्याला फितूर झाले.

धाकटी गप्प होती. ती बचत गटाचं काम बघते, आमच्या वाडीत उमेदचे गट तिनेच बांधले, बँकेत जाऊन मॅनेजरशी वाद घालून कर्ज मंजूर करून आणलंय तिने. ती म्हणाली ताई मला उभं राहायचंय. भाऊजी सरपंच व्हायच्या आधीपासून माझ्या मनात होतं. जलजीवनची पाइपलाइन वरच्या वाडीला का पोचली नाही ते मला ग्रामसभेत विचारायचं होतं, पण मी विचारलं असतं तर भाऊजींना विचारल्यासारखं झालं असतं म्हणून नाही विचारलं. आता उभी राहायचं तर ते समोरचं पॅनल, ज्यांनी आबांना खोटे खटले घालून त्रास दिला त्यांच्या बॅनरवर माझा फोटो. ते मला नको.

म्हणजे बघा, जिला नको तिला उभं करतायत आणि जिला हवंय तिला जिथे नको तिथून उभं करतायत, आणि दोघींनी एकमेकींना हे सांगितलेलंसुद्धा नव्हतं, रोज एका ताटात पीठ मळतात तरी. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही भावांचा.

वकिलीणबाई_रत्नागिरी:
ताई, तुमच्या धाकट्या वहिनींना माझा नमस्कार सांगा. भावनेचं वर सगळ्यांनी लिहिलंय, मी कागदाचं लिहिते, कारण अर्ज छाननीत उडाला तर घरात उगाच एकमेकांवर संशय घ्याल.

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम १४ नीट वाचा. घरपट्टी पाणीपट्टीची बिलं थकलेली नकोत. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली असतील तर अपात्र. घरात शौचालय वापरात हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सरकारी जमिनीवर अतिक्रमण. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाईंच्या प्रकरणात सांगितलं की अतिक्रमण सदस्याने स्वतः केलेलं असायला हवं असं नाही, कुटुंबातल्या माणसाने केलेल्या अतिक्रमणात ती राहत असेल, त्याचा वापर करत असेल तरी अपात्र. तुमचं घर समाईक आहे. त्या घराचा एखादा कोपरा, एखादी शेड रस्त्यात किंवा गायरानात गेली असेल तर दोघी जावा एकदम अपात्र. एका भावाने दुसऱ्याच्या बायकोविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकला तर तो स्वतःच्या बायकोविरुद्धच टाकल्यासारखं आहे. असे अर्ज भाऊच टाकतात, बाहेरच्याला कुठे माहीत असतं कोणाची शेड कधी बांधली.

दुसरं, धाकटे भाऊ ठेकेदारी करतात का? करत असतील तर बायको सरपंच झाल्यावर ग्रामपंचायतीचं एकही काम त्यांनी घ्यायचं नाही. प्रत्यक्ष अप्रत्यक्ष हितसंबंध म्हणून तक्रार आलीच म्हणून समजा.

आणि हक्कसोडपत्रावर कुठलीही सही करू नका. २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. तुम्हाला सोडायचाच असेल तर नंतर सोडा, खुशीने सोडा, निवडणुकीच्या तोंडावर घर एकत्र ठेवायचं म्हणून नाही. तुमची सही घेतली म्हणून दोन भाऊ एकत्र राहिले असं एकही घर माझ्या पाहण्यात नाही.

खाडीपलीकडचा:
मॅडम, कपाट उघडून बसल्यासारखं लिहिलंत सगळं, सेव्ह करून ठेवतोय. मुंबईच्या मतदारांचंही सांगा, आमच्याकडे निम्म्या लोकांची नावं दोन्हीकडे आहेत.

वकिलीणबाई_रत्नागिरी:
दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते, आणि खोटी माहिती देऊन नाव लावलं तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावात नाव ठेवायचंय तर मुंबईतलं काढा.

किनाऱ्यावरची:
अपडेट देते, कारण तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत.

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर मी आईला, दोन्ही भावांना आणि दोघींना माजघरात बसवलं. दादा देवळात कौल लावू म्हणत होता, गुरवाला सांगून ठेवलं होतं त्याने. आई म्हणाली देवाला ह्यात घालू नका, जिला उभं राहायचंय तिला विचारा. थोरलीने सांगितलं मी सही करणार नाही. आवाज चढवला नाही, पण दादाला तिने असं पहिल्यांदाच नकार दिला असेल. धाकटीने सांगितलं मी उभी राहीन पण त्या पॅनलमधून नाही, अपक्ष, आणि निवडून आले तर ह्यांनी ग्रामपंचायतीचं काम घ्यायचं नाही. धाकटा उठून बाहेर गेला. त्याची गेल्या वर्षीची दोन पाखाड्यांची कामं होती, दादा सरपंच असताना मिळालेली, त्याला ते लागलं.

दादा बोलला ते मात्र मला अजून उलगडत नाहीये. म्हणाला मी केलेली कामं उद्या ती ग्रामसभेत उलटी सुलटी करून विचारणार, माझ्याच घरातून. धाकटी म्हणाली भाऊजी पाइपलाइनचं विचारणार, ते तुम्ही आत्ताच सांगितलंत तर सभेत विचारायला लागणार नाही. तो काही बोलला नाही. त्यानंतर तो माझ्याशीही बोलत नाहीये, धाकटा बोलतो पण तुटक. समोरच्या पॅनलने दुसरी बाई शोधलीय असं कळलं. धाकटी पडूही शकते, तिला माहीत आहे. थोरली तिची सूचक म्हणून सही करणार आहे, ते दादाला अजून सांगितलेलं नाही, ती स्वतःच सांगणार म्हणाली.

मी चुलत भावांना फोन केला, एवढंच सांगितलं की मी कोणाला मत द्या म्हणून सांगणार नाही, दोघींशी बोला आणि ठरवा. हक्कसोडचा विषय मी बंद केलाय.

एक अडचण आहेच. मॅडम, तुमचं वाचून आम्ही घराभोवती फिरून बघितलं. आंब्याच्या पेट्या ठेवायची पत्र्याची शेड आहे, आबांच्या वेळची, ती आमच्या हद्दीत की रस्त्याच्या ते कोणालाच नक्की सांगता येत नाहीये. काय करावं?

निवृत्त_ग्रामसेवक:
भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज आजच टाका, पण मोजणीला वेळ लागतो, अर्ज भरायच्या आधी होईलच असं नाही. तोवर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून शेडची नोंद आहे का बघा, आणि गावचा नकाशा तलाठ्याकडे. थोरल्या भावाला बरोबर घेऊन जा, सरपंच असताना रस्ता त्यांच्याच काळात झाला असेल तर रुंदी त्यांना ठाऊक असणार. ते येतील की नाही माहीत नाही, पण विचारा.

वकिलीणबाई_रत्नागिरी:
शेड रस्त्यात निघाली तर पत्रे काढून टाकायला एक दिवस लागतो, पण काढल्यावर पात्रता शाबूत राहते का हे तारखांवर अवलंबून आहे, त्यामुळे उतारे हातात आले की अर्ज भरायच्या आधी मला किंवा तुमच्या कुठल्याही वकिलाला दाखवा. राजापूर कोर्टात सोमवारी असते मी.

किनाऱ्यावरची:
सोमवारी धाकटी वहिनीच येईल, उतारे घेऊन. दादाला विचारलंय, उत्तर आलेलं नाही.